कल्हईवाल्याचा ताव

रशीदभाई,

तुमच्यावर मी रागावलेय, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. पहिला महिना मी तुमच्यासाठी रडले. पुढचे दोन तुमच्या नावाने बोटं मोडली. त्यातला एक अख्खा दिवस तर तुम्हाला खोटारडा ठरवून टाकलं. तेही सांगणार आहे, लपवणार नाही. तुम्ही असतात तर मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं असतंत आणि वर विचारलं असतंत, "म्याडम, व्हयनं का बोलीसन? आते पाणी प्या."

कॉलेजने तुमच्यासाठी शोकसभा घेतली. ठरावात 'आज्ञाधारक' हा शब्द दोनदा आला आणि मला त्या गंभीर सभेत खुदकन हसू फुटलं. प्राचार्यांनी डोळे वटारले. काय करू? आज्ञाधारक आणि तुम्ही! एकवीस वर्षं आपण एकाच प्रयोगशाळेत काढली, मी प्राध्यापिका आणि तुम्ही परिचर, पण माझी एक तरी आज्ञा तुम्ही मुकाट्याने पाळलीत का? काचसामान धुताना हातमोजे घाला म्हटलं, घातले नाहीत. बाटल्यांना इंग्रजी लेबलं लावा म्हटलं, तुम्ही रंगीत दोरे बांधलेत. लाल दोरा म्हणजे आम्ल, निळा म्हणजे अल्कली, आणि काळा म्हणजे 'म्याडमले इचारी घ्या'. पोरं लेबल न वाचता दोरेच बघायची, आणि खरं सांगते, तुमच्या दोऱ्यांमुळे चुका कमीच झाल्या. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

बकऱ्याच्या कलेजीचं खूळ मी विद्यापीठातून घेऊन आले, ते आठवतं? तुम्हाला फळ्यापाशी उभं करून समजावत होते. काही रेणू जोडीने असतात, एक डावा, एक उजवा. दिसायला अगदी सारखे, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. औषधात त्यातला एक कामाचा, दुसरा फुकटचा भार, कधी अपायकारकसुद्धा. आपण काचेच्या भांड्यात बनवायला गेलो की दोन्ही निम्मे-निम्मे तयार होतात. आता वेगळे करायचे कसे? तर जनावराच्या यकृतात एक एन्झाइम असतं, ते एस्टर नावाच्या रेणूंना पाणी घालून तोडतं, आणि तोडताना डावा-उजवा ओळखतं. एका बाजूचे तोडतं, दुसऱ्या बाजूचे तसेच सोडून देतं.

तुम्ही फळ्याजवळ सरकलात. मग म्हणालात, "म्हंजे मशिदीना बाहेर चपलासना ढीग पडेल शे. आनि हाई एन्झाइम फक्त उजवी उचलस."

"हां, आणि डावी तिथेच ठेवतं."

"मंग तं भलता शिस्तना चोर शे, म्याडम."

तेव्हापासून आजतागायत मी वर्गात हेच उदाहरण देते. फक्त मशिदीच्या जागी कधी मंदिर येतं, कधी लग्नाचा मांडव. चोर तोच असतो.

पुस्तकात मात्र जनावर दुसरं होतं. त्याचं नाव तुमच्यासमोर घ्यायला माझी जीभ अडखळली. मी नुसतंच "ते... पुस्तकात जे दिलंय ते..." करत राहिले. तुम्हीच शेवटी माझी सुटका केलीत. "डुक्कर ना? नाव घीसन कोणी बाटत नही, म्याडम. पन घरमा आनं तं नसीम माले ओटावर निजाडी." तसंही ते एन्झाइम आपण बाहेरून मागवून पाहिलंच होतं. ऐन मे महिन्यात पार्सल आलं, स्टेशनवर तीन दिवस पडून राहिलं आणि बाटली हातात घेतली तर ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी. बर्फाच्या पिशवीत कोमट पाणी. त्यातलं एन्झाइम कधीच मेलेलं होतं. मग आपण ठरवलं, बकऱ्यावर भागवायचं. बाजारात रोज ताजी कलेजी मिळते, पार्सलची कटकट नाही.

आणि मग मी ते बोलले. आठवलं की अजून कानशिलं तापतात. म्हटलं, "तुम्हाला कापाकापीची सवय असेलच, तुमच्यात..." तुम्ही मला वाक्य अर्धवट सोडायची पुरेशी संधी दिलीत. मी सोडलं नाही, पूर्ण केलं. तेव्हा अगदी शांतपणे म्हणालात, "मन्हा बाप कल्हईवाला व्हता, म्याडम. कलेजी मी फक्त ताटमा देखेल शे."

मी धानोऱ्याच्या पाटलांची, आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा घराबाहेर. तुम्ही भांड्यांना कथील लावणाऱ्याचे चिरंजीव. अशा दोघांनी मिळून त्या दिवशी पहिली कलेजी कापली. माझ्या नाकावर रुमाल, तुमचे डोळे मिटलेले. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हे दोघं विज्ञान करतायत की एकमेकांना शिक्षा देतायत.

दुसऱ्या खेपेला कलेजी तुम्ही घरून आणलीत, आणि आदल्या संध्याकाळी घेऊन ठेवलेली म्हणून तिला व्यवस्थित हळद-मीठ चोळून आणलीत! नसीमभाभींच्या हातची सवय, कच्चं मटण खराब होऊ नये म्हणून. आपण ती गार ॲसिटोनबरोबर मिक्सरमध्ये फिरवली आणि गाळली तर खाली हळदीच्या कार्यक्रमासारखं पिवळंधमक पाणी. मी कपाळावर हात मारून घेतला. तुम्ही म्हणालात, "रंग तं भाईर निंघी गया, म्याडम. पावडर देखा तरी." पाहिली. भाजलेल्या ज्वारीच्या पिठासारखी, बरी होती. पण मी ती फेकायला लावली. तुम्ही फेकलीत, पण तोंड पाडून, आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोललात.

आपलं खरं भांडण मात्र बर्फाचं. ती पावडर पाण्यात कालवायची, गाळायची आणि जो अर्क मिळेल तो एस्टरवर टाकायचा. अर्क बर्फात ठेवायचा, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं. एन्झाइम म्हणजे प्रथिन, नाजूक, उष्णतेने मरतं. मी मोठ्या अक्षरांत कागद लिहून भिंतीवर चिकटवला होता: 'अर्क बर्फातच. बर्फ म्हणजे बर्फ.' आणि तुम्ही त्या कागदाखाली उभे राहून दर वेळी तेच टुमणं लावायचात.

"थंडामा काहीच धरत नही, म्याडम. ताव लागस."

मग कल्हईचं पुराण. भांडं गार असलं तर कथील धरत नाही, गोळ्या होऊन घरंगळतं. फार तापलं तर काळं पडतं. मधला ताव असतो, तेवढाच साधायचा. तुमच्या वडिलांना तो हात जवळ नेऊन कळायचा. मी म्हणायचे, "रशीदभाई, हे पितळ नाही, प्रथिन आहे. तापलं की उकडलेलं अंडं होतं." तुम्ही म्हणायचात, "अंडं व्हवाले येळ लागस. अंडं व्हवाना आगोदर भी काहीतरी ऱ्हास ना?" मी म्हणायचे, डोकं खाऊ नका. किती वर्षं हे चाललं! वाद कोणी जिंकला नाही. माझी खुर्ची मोठी होती, म्हणून भिंतीवर कागद माझा राहिला, एवढंच.

एकदा, सहाएक वर्षांपूर्वी, मी अचानक मागच्या खोलीत आले तर स्पिरिटच्या दिव्यावर छोटं कल्हई केलेलं पातेलं, त्यात पाणी तापतंय आणि तुम्ही ओणवे होऊन बघताय. मी भडकले. प्रयोगशाळेत चहा? ॲसिटोनच्या बाटल्यांशेजारी? सगळं कॉलेज उडवायचंय का? तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "चुकनं, म्याडम. परत व्हवाव नही." मी तिथेच थांबले असते तर मी कसली! दुसऱ्या दिवशी रीतसर नोटीस काढली, प्रयोगशाळेत काहीही तापवून खाण्या-पिण्यास सक्त मनाई, आणि त्यावर तुमची सही घेतली. तुम्ही सही केलीत. 

माझे वडील गेले तेव्हाचं मात्र तुम्हाला कधी बोलले नाही, ते आज बोलते. फोन आला तशी मी सगळं अर्धवट टाकून धानोऱ्याला पळाले होते. तेरा दिवसांनी परत आले तर माझं टेबल जसंच्या तसं. मी ढवळत ठेवलेल्या भांड्यातला माल तुम्ही गाळून, वाळवून, वजन करून बाटलीत भरला होता. वजनाची चिठ्ठी बाटलीला काळ्या दोऱ्याने बांधलेली. सांत्वनाचं एक वाक्य बोलला नाहीत, आणि मला त्या दिवशी तेच हवं होतं.

आता रविताचं सांगते, कारण हा सगळा आटापिटा तिच्यासाठीच झाला. तुम्हाला ती 'चाचा' म्हणायची आणि तुम्ही तिला 'डाक्टरीन', पीएच.डी. मिळायच्या चार वर्षं आधीपासून. नर्मदेकाठची पोर. घरी जायचं तर आधी बस, मग जीप, मग होडी. तिच्या गावात तिच्याइतकं शिकलेलं कोणी नाही, बाई नाही की बाप्या नाही. तिने बकऱ्याच्या यकृतावर चार वर्षं घालवली, अर्क तेवढा तुम्ही गाळून द्यायचात, आकडे असे सुरेख आले की मीच चकित. पोलरीमीटरच्या नळीतून प्रकाश सोडायचा, द्रवात एकाच बाजूचे रेणू असले की प्रकाश वळतो, मिसळ असली की सरळ जातो. रविताचा प्रकाश दर वेळी मस्त वळायचा. प्रबंध तपासायला गेला.

तुम्ही गेलात, त्यानंतर महिन्याभरात परीक्षकांचं पत्र आलं. इतक्या कच्च्या अर्कातून इतकी चांगली निवड होते यावर विश्वास बसत नाही, तीन ताज्या प्रयोगांचे निकाल पाठवा, मग पुढचं बोलू. यात चुकीचं काही नव्हतं, मीही हेच मागितलं असतं. आम्ही निर्धास्त होतो. रविता म्हणाली, "आठ दिवसांत होईल, मॅडम."

पहिल्या खेपेला आकडा निम्म्यावर आला. दुसऱ्या खेपेला त्याहून खाली. बाहेर मिरचीचा हंगाम, खिडकी उघडली की ठसका, म्हणून सगळं बंद करून त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघी नळीत डोळा घालून बसलेल्या. ॲसिटोन बदललं. कलेजीचं दुकान बदललं. बर्फ दुप्पट केला, रशीदभाई! काही केल्या प्रकाश वळेना. होळी आली. त्यांच्याकडे होळीला माणूस कुठेही असला तरी घर गाठतो. रविता गेली नाही. सकाळी आली, ॲप्रन घातला आणि सहाव्या खेपेची कलेजी चिरायला बसली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

आणि मग तो दिवस. सातवी खेप वाया गेल्यावर मी जुनी वही काढली. कितीतरी आकडे तुमच्या अक्षरातले. माझे डोळे अधू, म्हणून नळीतलं तुम्हीच वाचून लिहायचात. माझ्या मनात आलं, आणि आलं ते आलंच: मॅडम खूश व्हाव्यात म्हणून तुम्ही आकडे चढवून लिहिलेत. एकवीस वर्षं ओळखीचा माणूस मी एका दुपारीत मोडीत काढला. रविताला तसं बोललेसुद्धा. म्हटलं, हा भाग प्रबंधातून मागे घ्यावा लागेल. म्हणजे प्रबंधच मागे घ्यावा लागेल, कारण त्यात दुसरं होतं काय?

ती पोर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "मॅडम, निम्मे आकडे मी वाचलेत. मग मी पण खोटी का?" मी वही मिटायला गेले. तर म्हणाली, "चाचांना तुम्हाला खूश करायचं असतं तर ते रोज तुमच्याशी भांडले असते का?"

 तरी मी पत्र टाइप करायला घेतलंच. माफ करा मला. बाकी काय म्हणू?

पत्र टेबलावर ठेवून मी तुमचं कपाट आवरायला घेतलं. दोन महिने पुढे ढकललेलं काम. चष्मा, टोपी, दोऱ्यांची गुंडाळी आणि ते चहाचं पातेलं. सगळं पिशवीत भरून तुमच्या घरी गेले. नसीमभाभी इद्दतमध्ये बसलेल्या. चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. पिशवीतून पातेलं निघालं तशा त्या ओरडल्याच, "हाय अल्ला, ये तो मेरा बघोना! कितने साल से ढूंढ रही मैं!"

मी म्हटलं, "रशीदभाई यात चहा करायचे."

"चाय?" भाभी माझ्याकडे बघत राहिल्या. "वो कालेज में चाय पीतेच नहीं थे. पित्त होता था उनको. ये तो आपकी कलेजी के पानी को ताव देने ले गए थे. बोले, मॅडम को मत बताना, उन्होंने बर्फ का कागज लगाया है."

मी खालीच बसले, रशीदभाई. तुमच्या घरातल्या सतरंजीवर. भाभींनी पाणी आणून दिलं.

मग सगळं ऐकलं. हट्टाने एकदा तुम्ही अर्काची बाटली घरी आणलीत. ताव हाताला कळतो असं मला छातीठोकपणे सांगणारे तुम्ही, तुम्हाला तो कळतच नव्हता! लहानपणापासून धूर सोसायचा नाही म्हणून तुम्ही भट्टीजवळ बसलाच नाहीत. सासऱ्यांच्या बरोबर भाता चालवला तो नसीमभाभींनी. ताव त्यांच्या हाताला ठाऊक. बाटली कोमट पाण्यात त्यांनी धरली, आणि अर्कात दुधाळ काहीतरी तरंगलं तशी त्यांनीच सांगितलं, "बादल आया, अब उतारो, नहीं तो फट जाएगा." त्या दिवसापासून तुम्ही मागच्या खोलीत, माझी पाठ वळली की, ते पातेलं काढायचात. ढग आला की बाटली उचलून बर्फात. ढग गाळून टाकायचा. मग निरागस चेहऱ्याने माझ्यासमोर आणून ठेवायचात. मी बाटली गार लागते का बघायचे आणि मान डोलवायचे. इतकी वर्षं तुम्ही मला गंडवलंत, आणि मला सगळ्यांत जास्त राग याचाच आहे की तुम्हाला गंडवावं लागलं.

भाभींना म्हटलं, कॉलेजला येऊन दाखवाल का? त्या म्हणाल्या, इद्दत सुटल्याशिवाय कसं येऊ. परीक्षकांनी दिलेली मुदत जवळ आलेली, थांबायला वेळ नव्हता. मग दुसऱ्या दिवशी आम्ही प्रयोगशाळाच तुमच्या स्वयंपाकघरात नेली. रिक्षात मी आणि रविता, मांडीवर बर्फाचा डबा, पिशवीत थर्मामीटर, स्टॉपवॉच, गाळणकागद. रिक्षावाल्याने विचारलं, "आइस्क्रीमनी पार्टी शे का?" रविता इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली.

भाभींनी गॅसवर पातेलं ठेवलं, आपल्या हाताची पालथी बाजू पाण्याला लावली, गॅस बारीक केला, पुन्हा लावली. "अब रखो." रविताने थर्मामीटर पाहून लिहिलं: अठ्ठेचाळीस. मी अर्काची बाटली पाण्यात धरली.  मनात सगळी पुस्तकं ओरडत होती. अकराव्या मिनिटाला बाटलीत धुक्यासारखं काहीतरी उतरलं. मला तर दिसलंही नाही. भाभी म्हणाल्या, "उतारो, उतारो!" रविताने झडप घालून बाटली बर्फात कोंबली.

आम्ही तसंच कॉलेज गाठलं. एस्टर घातला, थेंब थेंब अल्कली टाकत बसलो, संध्याकाळी माल वेगळा केला. नळीत डोळा रविताने लावला.  मग बाजूला सरकली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही बघा." मी पाहिलं. जुन्या वहीतला तुमच्या अक्षरातला आकडा, जवळजवळ तोच. मी त्या खोलीत दार लावून जोरजोरात रडले. रविताने मला रडू दिलं. पुढच्या दोन खेपाही तशाच आल्या.

आमचा अंदाज असा आहे की बकऱ्याच्या यकृतात एस्टर तोडणारे चोर दोन असावेत. एक तुमचा शिस्तीचा, दुसरा आंधळा, दिसेल ती चप्पल उचलणारा. आंधळा जरा नाजूक, तावाने तो आधी मरतो आणि ढग होऊन खाली बसतो. अंडं व्हायच्या आधी खरंच काहीतरी असतं. तुमचं बरोबर होतं, रशीदभाई. माझं चुकत होतं. तुम्ही समोर असताना हे एवढे शब्द माझ्या तोंडून निघाले नसते, हेही मला माहीत आहे.

भिंतीवरचा कागद त्याच दिवशी काढला. परीक्षकांना मात्र खरं लिहावं लागलं, की प्रबंधात छापलेली पद्धत अपुरी होती, एक पायरी त्यात नव्हती, आणि ती का नव्हती. यावरून ते प्रबंध नाकारू शकले असते. रविताला तसं सांगितलं. ती म्हणाली, "लिहा. नाकारला तर पुन्हा करीन, आता येतं मला."

गेल्या आठवड्यात तिची तोंडी परीक्षा झाली. भाभींची इद्दत सुटलेली, त्या मागच्या रांगेत बसल्या होत्या, शेजारी रविताची आई, होडी-जीप-बस करून आलेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण भाभींनी तिला खारे शेंगदाणे दिले आणि दोघी खात बसल्या. परीक्षकांनी विचारलं, "हे तापवण्याचं कुठे वाचलंत? संदर्भ काय?" रविताने माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. मार्गदर्शकाने बोलायचं नसतं, तरी बोलले. "संदर्भ रशीदभाई. आमच्याकडे परिचर होते. मी त्यांना लेखी मनाई केली होती. त्यांनी ती मोडली, म्हणून हे काम झालं."  परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मग आभारांच्या पानावर का टाकलंय त्यांना? हे तर पद्धतीत यायला हवं." अर्ध्या तासाने रविता डॉक्टर झाली. तुमचा शब्द खरा झाला. कार्यक्रमात तिची आई फक्त एकदा उठली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत जाऊन बसली.

आता शोधनिबंध पाठवायचा आहे. लेखकांत तुमचं नाव दुसरं. लेखक हयात नसेल तर घरच्यांची संमती लागते, म्हणून काल फॉर्म घेऊन तुमच्याकडे गेले. भाभींनी चष्मा लावला, तुमच्या नावावरून बोट फिरवलं, सावकाश सही केली. मी कागद उचलायला गेले तर त्यांनी तो धरून ठेवला.

"मॅडम, एक पूछूं? इसमें मेरा नाम नहीं आ सकता क्या? बादल तो मैंने देखा था."

रशीदभाई, माझ्या जिभेवर 'बघू' आलं होतं. एकवीस वर्षं तुम्हाला जे ऐकवलं तेच. मी पेन काढलं आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. आता निबंधावर चार नावं आहेत, रविता, तुम्ही, नसीमभाभी आणि शेवटी मी.